२७३७ की २८२०? क्रोनोग्राफचा आकडा आणि ८०० यार्डांवरचा घोळ

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारे मूळचे कोल्हापूरचे, आता डेन्व्हरला. तिकडे .२२ रायफलने ५० मीटरवर झोपून (प्रोन) मारायचे, इथे येऊन लांब पल्ल्याची नवी ६.५ क्रीडमूर रायफल घेतली. २४ इंची बॅरल, आतापर्यंत चाळीसेक गोळ्या झालेल्या. कारखान्याची १४० ग्रेनची मॅच (स्पर्धेची) काडतुसं, डब्यावर वेग छापलाय २७१० फूट प्रति सेकंद. रडारचा छोटा क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, आणला, पाच गोळ्या मोजल्या, सरासरी २७३७ आली. सहावी २७०१ आली होती, ती ‘काहीतरी गडबड’ म्हणून यादीतून पुसली. कुठल्या अंतराला नेम किती वर घ्यायचा ते सांगणाऱ्या बॅलिस्टिक ॲपमध्ये २७३७ घातला, हवेचा दाब फोनवरच्या हवामानातून ३०.१ इंच (पाऱ्याचे) घेतला, आणि ८०० यार्डांवर गोळ्या १४ इंच वर लागल्या. मग ॲपमधला वेग वाढवत नेला. २८२० ला ८०० जुळलं. पण आता ५०० ला गोळी दोनेक इंच खाली जाते आणि १००० ला पाच-सहा इंच वर. क्रोनोग्राफ ८० फुटांनी खोटं सांगतोय का, परत करू का, असा प्रश्न आहे.

परत करू नका. तुमचा क्रोनोग्राफ ठीक आहे असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. चूक कुठे आहे ते तुम्हीच लिहिलंय, ५००, ८०० आणि १००० च्या त्या तीन ओळींत. त्यावर येतेच. पण मला १४ इंचांपेक्षा ती पुसलेली सहावी गोळी जास्त खटकली, म्हणून सुरुवात तिथून.

त्याआधी एक गोष्ट. मीही साताऱ्याला एनसीसीत .२२ वर शिकले, आणि इथे कोलोरॅडोत लांब पल्ल्याकडे वळले तेव्हा वेग मोजायचा असतो हेच मला नवीन होतं. तिकडे गरजच पडत नाही. ५० मीटरवर .२२ च्या वेगात १० फुटांचा फरक पडला तर गोळी साधारण २ मिलिमीटर वरखाली होते, आणि दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. काडतुसांचा चांगला लॉट (एका वेळी बनलेली खेप) निवडला की विषय संपला. तुमच्या क्रीडमूरलासुद्धा ३०० यार्डांपर्यंत हे कळणार नाही. तिथे १० फुटांचा फरक म्हणजे जेमतेम एक सूत, इंचाचा आठवा भाग. पण १००० यार्डांवर तोच १० फुटांचा फरक डेन्व्हरच्या हवेत अडीच इंच होतो, समुद्रसपाटीला पावणेतीन. वेगाचं दुखणं असं उशिरा दिसतं आणि दिसतं तेव्हा एकदम दिसतं.

आता सहावी गोळी. तुम्ही पाठवलेले पाच आकडे असे: २७३८, २७३१, २७४४, २७३५, २७३७. सरासरी २७३७, ईएस म्हणजे सगळ्यात जलद आणि सगळ्यात हळू यांतला फरक १३, एसडी म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप ४.७. डोळ्यात पाणी यावं इतकं सुंदर. आता २७०१ परत आत घ्या. सरासरी २७३१. ईएस ४३. एसडी १५.३. एका गोळीने एसडी तिप्पट झाला, आणि सरासरी मात्र ६ फुटांनीच हलली.

या दोन ओळी नीट पाहा, कारण क्रोनोग्राफ वापरायचं सगळं शहाणपण त्यात आहे. सरासरी लवकर पक्की होते. एसडी फार उशिरा पक्का होतो. पाच गोळ्यांवरून काढलेला एसडी घेतला तर त्या काडतुसाचा खरा एसडी त्याच्या ०.६ पट ते २.९ पट यांत कुठेही असू शकतो (शंभरात ९५ वेळा या हद्दीत). म्हणजे तुमचा ४.७ हा खरा ३ असेल किंवा १३ असेल, पाच गोळ्या यापलीकडे काही सांगत नाहीत. दहा गोळ्यांना ही हद्द ०.७ ते १.८ पट होते, वीस गोळ्यांना ०.७६ ते १.४६, आणि तीस गोळ्या मारूनसुद्धा ०.८ ते १.३४. लोक पाच गोळ्यांचा ‘एसडी ४’ फोटो काढून मिरवतात ना, त्यातले निम्मे पुढच्या पाच गोळ्यांना तोंड लपवतील. ईएसचं तर त्याहून वाईट, तो गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढतच जातो. एसडी १० असलेलं काडतूस पाच गोळ्यांत सरासरी २३ चा ईएस देईल, दहात ३१, वीसात ३७. गोळ्यांची संख्या न सांगता कोणी ईएस सांगितला तर ऐकून सोडून द्यायचा.

कारखान्याच्या मॅच काडतुसांकडून मी एसडी १० ते १५ ची अपेक्षा ठेवते. त्या हिशेबात तुमची २७०१ अजिबात परकी नाही, घरचीच आहे. गोळी यादीतून काढायला कारण लागतं, आणि ते कारण आकडा बघायच्या आधीचं लागतं: काडतूस दहा मिनिटं तापलेल्या चेंबरमध्ये राहिलं होतं, किंवा शेजारच्या टेबलावरची गोळी यंत्राने पकडली. ‘आकडा आवडला नाही’ हे कारण नाही. ती परत आत घ्या.

आता यंत्राकडे. गोळीचा वेग मोजायची हौस जुनी आहे. १७४२ मध्ये इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने जड लाकडी ठोकळा लोलकासारखा टांगून त्यात गोळी मारली आणि ठोकळा किती झुलला यावरून वेग काढला. पुढच्या शतकात ले बुलॉन्जे या बेल्जियन तोफखाना अधिकाऱ्याने दोन तारा लावल्या: गोळीने पहिली तार तोडली की एक दांडी खाली पडायला लागते, दुसरी तोडली की सुटलेलं पातं त्या पडत्या दांडीवर खूण करतं. खूण किती वर आहे त्यावरून वेळ, वेळेवरून वेग. घड्याळ म्हणून चक्क गुरुत्वाकर्षण. हे यंत्र दारूगोळ्याच्या चाचणीत पिढ्यान्पिढ्या चाललं, आणि मला अजूनही त्या कल्पनेचं कौतुक वाटतं.

तुमच्या-माझ्यासारख्यांच्या हाती वेग आला तो १९६० च्या दशकात, टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या केन ओलर यांच्या इलेक्ट्रॉनिक क्रोनोग्राफमुळे. प्रकाशावर चालणारे पडदे: गोळीची सावली पहिल्या पडद्यावरून गेली की घड्याळ सुरू, पुढच्यावर बंद. त्यांच्या ३५पी मध्ये तिसरा पडदा होता, म्हणजे एकच गोळी दोनदा मोजली जायची आणि दोन आकडे जुळले नाहीत तर यंत्र आपणहून सांगायचं. ही कल्पना पुढच्या कित्येक स्वस्त यंत्रांनी सोडून दिली.

स्वस्त पडद्यांचं दुखणं हिशेबात दिसतं. पडदे दोन फुटांवर असतील तर २७०० च्या वेगाने गोळी ते अंतर ०.०००७४ सेकंदात कापते. पडदा एक सूत पुढेमागे बसला तर वेग १४ फुटांनी चुकतो. शिवाय ढग आला की आकडा बदलतो, आणि बंदिस्त रेंजवर दिव्यांच्या लुकलुकण्याने यंत्र वेडं होतं. पडदे बॅरलपासून १० ते १५ फूट पुढे ठेवावे लागतात, नाहीतर तोंडातून निघणारा वायूचा झोतच मोजला जातो. तिथला वेग मूळ वेगाहून ५-७ फूट कमी, तो परत मिळवायचा. आणि या सगळ्यात भर म्हणून माझ्यासारखे लोक त्यावर गोळी मारतात. माझं पहिलं यंत्र असंच गेलं. स्कोपमधून, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतून, बघितलं तर पडद्यांच्या दांड्यांमधली जागा अगदी मोकळी होती. पण स्कोप बॅरलपेक्षा दीड-दोन इंच वर असतो, आणि दहा फुटांवर गोळी अजून तितकीच खाली असते. समोर निळ्या प्लॅस्टिकच्या चिरफळ्या उडाल्या आणि शेजारचे आजोबा दुर्बीण न काढता म्हणाले, ‘पहिलाच का?’

नंतर बॅरलला पट्ट्याने बांधायचा चुंबकीय प्रकार आला, मॅग्नेटोस्पीडचा. मोजतो अचूक, प्रकाशाशी देणंघेणं नाही. पण बॅरलच्या टोकाला लोढणं लटकतं, त्यामुळे गोळी दुसरीकडे लागते आणि कागदावरचा गोळ्यांचा गटही बदलतो. वेग आणि गट एकाच वेळी बघता येत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं की चांगलं यंत्र आहे. माझ्याकडे आठ वर्षं होतं.

रडारने हे सगळं मोडीत काढलं. आधी लॅबरडार आला, मोठा नारिंगी डबा, लक्ष्याकडे नीट रोखावा लागायचा आणि शेजाऱ्याच्या ब्रेकच्या (धक्का कमी करायला बॅरलच्या तोंडाला लावलेल्या तुकड्याच्या) आवाजाने उगाच जागा व्हायचा. २०२३ च्या अखेरीस गार्मिनचा झेरो सी१ प्रो आला, मुठीत मावणारा, आणि रेंजवरचं चित्रच बदललं. आता त्याच धर्तीचे आणखी दोन-तीन मिळतात. तुमचा याच जातीचा. ही यंत्रं पुढे जाणारी गोळी रडारने बघत राहतात आणि मागे हिशेब करून तोंडाशी वेग किती होता ते सांगतात. गार्मिन स्वतः सांगतं ती अचूकता ०.१ टक्का, म्हणजे तुमच्या वेगाला पावणेतीन फूट.

आता तुमच्या शंकेकडे बघा. २७३७ आणि २८२० यांत ३ टक्क्यांचा फरक आहे. डॉपलर रडारला वेग ३ टक्के कमी दिसायचा तर ते गोळीच्या मार्गाला १४ अंश तिरकं हवं. इतकं वाकडं ठेवलं असतंत तर तुमच्याच डोळ्याला खुपलं असतं. ही यंत्रं बिघडली की बहुतेकदा गोळी चुकवतात, किंवा ‘११००’ असला अचाट आकडा देतात. सलग सहा गोळ्या नेमक्या ८० फुटांनी कमी दाखवून वर इतक्या नीटनेटक्या ओळीत बसवायचा त्यांचा स्वभाव नाही. आणि दुसऱ्या बाजूने: कारखान्याचा २७१० हा आकडाही २४ इंची बॅरलचाच आहे. तुमच्या बॅरलने २७३० दिला तर त्यात नवल काही नाही. २८२० दिला असता तर मीच म्हटलं असतं की थांबा, काडतुसाचा डबा दाखवा.

मग १४ इंच आले कुठून? ३०.१ मधून.

हवामानाच्या ॲपमध्ये दिसणारा दाब हा त्या गावचा खरा दाब नसतो. तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, म्हणजे मुंबईचा आणि डेन्व्हरचा आकडा एकमेकांशेजारी ठेवून वादळ कुठे आहे ते कळावं. तुम्ही ज्या हवेत श्वास घेता तिचा दाब डेन्व्हरला २४.६ ते २४.८ इंचांच्या आसपास असतो. बॅलिस्टिक ॲपला हाच खरा दाब लागतो, त्याला ‘स्टेशन प्रेशर’ म्हणतात. तुम्ही ३०.१ घातलात आणि ॲपला वाटलं तुम्ही रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पडून मारताय. त्याने दाट हवा धरली आणि जास्त ड्रॉप, म्हणजे गोळी जास्त खाली येईल असं, सांगितलं. तुम्ही स्कोपचं चाक तेवढं फिरवलंत, खरी हवा १८ टक्के विरळ, गोळी वर.

किती वर? तुमची गोळी आणि तुमचा वेग घेऊन मी दोन्ही हवांत हिशेब केला. ५०० यार्डांवर फरक पडतो अडीच इंच, ८०० वर १४ इंच, १००० वर ३० इंच. ८०० वर तुम्हाला १४ च दिसले.

आता ते ५०० आणि १००० चं कोडं. वेगातली चूक अंतराच्या साधारण वर्गाने वाढते. हवेतली चूक त्याहून झपाट्याने, कारण हवा गोळीला वाटभर अडवत असते आणि लांब गेल्यावर तो हिशेब साचतो. तुम्ही हवेची चूक वेगाच्या ठिगळाने झाकलीत. ठिगळ ८०० ला बेतलं, तिथे बसलं. त्याच्या अलीकडे ते मोठं झालं, म्हणून ५०० ला गोळी खाली. पलीकडे ते अपुरं पडलं, म्हणून १००० ला पाच-सहा इंच अजून वरच. कापड एका मापाचं आणि माणूस दुसऱ्या मापाचा असला की असंच होतं. म्हणून एकाच अंतरावर ‘जुळलं’ यावर मी कधी विश्वास ठेवत नाही, निदान दोन अंतरं हवीत आणि ती एकमेकांपासून लांब हवीत.

ही चूक मी उलट्या दिशेने केली आहे. कोलोरॅडोत जमवलेले आकडे वहीत लिहून ओहायोला कॅम्प पेरीला गेले. तिथली रेंज ईरी तलावाच्या काठावर, उंची समुद्रापासून सहाशे फूटही नाही. १००० यार्डांवर घरचाच आकडा फिरवला आणि पहिली साइटर (गुण न धरता नेम तपासायची) गोळी अडीच फूट खाली गेली. माझा दोष इतकाच की डोंगरातली हवा मी वहीत बांधून नेली होती.

तर पहिलं काम: ॲपमध्ये वेग परत मोजलेल्या आकड्यावर आणा, आणि खरा दाब घाला. केस्ट्रेलसारखं हवामान मोजायचं हातातलं यंत्र असेल तर त्यावरचा स्टेशन प्रेशर घ्या. मात्र त्यात संदर्भ-उंची शून्य आहे ना ते आधी बघा, नाहीतर तेही समुद्रसपाटीचाच आकडा दाखवेल. यंत्र नसेल तर ॲपमध्ये ‘दाब समुद्रसपाटीचा आहे’ असं निवडून शेजारी उंची घालायची सोय असते. दोन्हींपैकी एकच करायचं. खरा दाब घालून वर उंचीही घातली की दुहेरी वजावट होते. हेही मी पाहिलं आहे.

हे केल्यावर ८०० आणि १००० दोन्ही दोन-तीन इंचांत यायला हवेत. नाही आले तर पुढचा संशयित स्कोप. १०० यार्डांवर उंच कागद, ओळंब्याने काढलेली सरळ उभी रेघ, तळाशी एक गोळी, मग १० मिल (स्कोपच्या चाकावरचं कोनाचं माप) फिरवून पुन्हा तोच नेम. दुसरी गोळी बरोबर ३६ इंच वर आणि रेघेवरच लागली पाहिजे. ३५ वर लागली तर तुमचा स्कोप मिलला मिल देत नाही, आणि तो दोष लोक वर्षानुवर्षं वेगाच्या नावावर खपवतात. मग झीरो, म्हणजे १०० यार्डांवर स्कोपचा नेम आणि गोळी जुळवणं: तीन गोळ्यांचा झीरो नको, दहा मारा आणि मधोमध बघा. १०० यार्डांवर पाव इंचाची चूक १००० ला अडीच इंच होते, म्हणजे नेमका १० फूट वेगाइतकाच घोळ. आणि गोळीचा बीसी (गोळी हवा किती सहज कापते तो आकडा) जी७ चा, म्हणजे लांब निमुळत्या गोळ्यांच्या प्रमाणाचा, असेल तर ॲपमध्येही जी७ च निवडलेला आहे ना, एवढं एकदा बघून घ्या. वेगाला हात लावायचा तो हे सगळं झाल्यावर, आणि माझ्या मते तेव्हाही नाही. जो एक आकडा आपण प्रत्यक्ष मोजू शकतो तोच वाकवायचा आणि अंदाजाने घेतलेले बाकीचे सरळ ठेवायचे, हे मला कधी पटलं नाही. पूर्वी पडद्यांवर भरवसा नव्हता म्हणून वेग वाकवायची रीत पडली. रडार आल्यावर तिची गरज संपली. अगदी लांबवर, गोळी ध्वनीच्या वेगाजवळ यायला लागते तिथे बीसीत थोडी दुरुस्ती करावी लागते, पण डेन्व्हरच्या हवेत तुमची गोळी १००० ला अजून १६०० च्या पुढे धावत असते. तुमच्यासाठी तो दिवस दूर आहे.

आता वेग नीट मोजायचा कसा. वीस गोळ्या घ्या, एकाच लॉटच्या. काडतुसं सावलीत, गाडीच्या डॅशबोर्डवर नाहीत. इथल्या उन्हात काचेमागे ठेवलेला डबा हाताला चटका देतो, आणि पावडर तापली की वेग वाढतो. मारायच्या लयीत मारा, पण काडतूस चेंबरमध्ये घालून मग वारा बघत बसू नका. आधी वारा, मग बोल्ट. पाच-सहा गोळ्या झाल्या की बॅरल निवू द्या. हातात धरून ठेवता येत नसेल इतकं तापलं असेल तर तो आकडा तापलेल्या बॅरलचा, आणि सामन्यात तुमची पहिली गोळी थंड बॅरलातून जाणार आहे. प्रत्येक गोळी लिहा. वहीत तारीख, तापमान, बॅरलची एकूण गोळीसंख्या. रडारला बॅरलच्या बाजूला, तोंडापासून जरा मागे, वीतभर अंतरावर ठेवा आणि ब्रेकच्या झोताच्या वाटेत येऊ देऊ नका. यंत्राला काही होत नाही, पण तिपाई लाथ मारल्यासारखी उडते.

वीस गोळ्यांनी काय मिळतं? खरा एसडी १२ धरला तर सरासरीतली चूक पावणेतीन फुटांची राहते. १००० यार्डांवर पाऊण इंचाहूनही कमी. याहून पक्का वेग कोणाला लागत नाही. आणि गोळ्या वाया जात नाहीत, त्याच वीस गोळ्या कागदावर मारा, झीरोही पक्का होतो.

एक मात्र आहे: तुमचं बॅरल नवं आहे. नव्या बॅरलचा वेग पहिल्या शे-दोनशे गोळ्यांत वाढतो, २०-३० फूट वाढणं नेहमीचं. कधी वाढतो, कधी नाही, पण चाळीस गोळ्यांवर घेतलेला आकडा कायमचा म्हणून कोरून ठेवू नका. आज मोजा, दोनशे झाल्यावर पुन्हा मोजा. आणि एकदा हिवाळ्यात मोजा. माझ्या रायफलला जानेवारीतल्या २२ अंश फॅरेनहाइटच्या सकाळी आणि जुलैतल्या ९२ अंशांच्या दुपारी ३८ फुटांचा फरक निघाला, म्हणजे अंशाला अर्धा फूट आणि वर थोडं. तेवढा आकडा ॲपमध्ये टाकला की ऋतू बदलला तरी डोकं शांत राहतं. दुसऱ्याचा आकडा घेऊ नका, हे पावडरवर अवलंबून आहे आणि पावडरी यात फार वेगवेगळ्या असतात.

तुम्ही शेवटी विचारलंय की एसडी खाली आणायला स्वतः काडतुसं भरायला शिकू का. शिका, छंद चांगला आहे. पण एसडीच्या मागे लागून नको. हिशेब सांगते. अर्ध्या एमओएची (१०० यार्डांवर साधारण अर्ध्या इंचाचा गट मारणारी) रायफल १००० यार्डांवर स्वतःच उभ्या रेषेत पावणेदोन इंच एसडीने गोळ्या पसरवते. वेगाचा एसडी १० असेल तर त्यात अडीच इंच मिसळतात, आणि दोन्ही मिळून ३ इंच होतात. साधी बेरीज नाही, वर्गांची. एसडी निम्मा करून ५ वर आणलात तर २.१ इंच. महिनोन्‌महिने खपून कमावलं किती, तर पाऊण-एक इंच. १००० यार्डांच्या एफ-क्लास (रायफल आधारावर ठेवून झोपून मारायची स्पर्धा) लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १० इंचांचं असतं, तिथे वरच्या दहाजणांत यायचं असेल तर हा इंच मोलाचा. पण त्याच लक्ष्यावर ताशी १ मैल वारा चुकला की तुमची गोळी साडेपाच इंच बाजूला जाते. आणि १ मैल वारा चुकत नाही असा माणूस मला अजून भेटायचाय.

भरायला लागलात की कोणीतरी सांगेल, पावडर थोडी थोडी वाढवत तीन-तीन गोळ्या मार, वेग जिथे वाढायचा थांबतो ती ‘सपाट जागा’ धर. तीन-तीन गोळ्यांत सपाट जागा हमखास दिसते. पुन्हा मारलं की ती दुसरीकडे दिसते. हे वरचे पाच गोळ्यांचे आकडे आठवा, म्हणजे कारण कळेल. क्रोनोग्राफचा खरा उपयोग तिथे वेगळा आहे आणि तो कोणी फारसा सांगत नाही: तो धोक्याची घंटा आहे. दाब आपल्याला दिसत नाही, पण वेग फुकट मिळत नाही. तुमच्याइतक्या बॅरलला भरणीच्या पुस्तकात कमाल भरणीचा जो वेग दिलाय, तो तुम्हाला कमी पावडरीतच मिळाला, तर तुम्ही कमाल दाबाला पोचलात असं समजा आणि खाली उतरा. काडतुसाच्या पितळी पुंगळीवर खुणा दिसेपर्यंत थांबायचं नाही, त्या उशिरा दिसतात.

तर येत्या शनिवारी: ॲपमध्ये खरा दाब, वीस गोळ्या कागदावर, कुठलीही न पुसता. जी सरासरी येईल ती घालून ५००, ८०० आणि १००० वर पाच-पाच मारा, आणि गोळ्या नेमापासून किती वर किंवा खाली गेल्या तेवढंच लिहून पाठवा, वारा वगळून. तीनही ठिकाणी दोन-तीन इंचांत आल्या तर न्यू मेक्सिकोतल्या रेटनला या. डेन्व्हरहून साडेतीन तासांवर आहे. तिथल्या व्हिटिंग्टन सेंटर या रेंजवर ११२३ यार्डांवर पांढऱ्या पोलादी गव्याची आकृती उभी आहे. तिथली उंची साडेसहा हजार फुटांच्या आसपास, म्हणजे दाब पुन्हा नव्याने घालावा लागेल. पहिली गोळी तुम्ही मारा, वारा मी सांगते.